भागीकाकीच्या हातचं

रविवारी सकाळी मैदानात माणसं आपापली कुत्री घेऊन माझ्याकडे येतात. गुडघे गेल्यापासून मी खुर्चीत बसून शिकवतो, पण शिकवतो. बस, थांब, ये, तोंडातलं सोड. कुत्र्यांपेक्षा मालकांनाच जास्त शिकवावं लागतं असं म्हणून मी त्यांना हसवतो. त्यांच्यातलं कुणीतरी अधूनमधून विचारतंच, "काका, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, एवढं शिकवा ना याला. हल्ली लोक विष घालतात हो." मी म्हणतो, ते मी शिकवत नाही. का म्हणून विचारलं की काहीतरी कारण देतो. त्यानं कुत्र्याचा स्वभाव बिघडतो, तो माणसांना भिऊ लागतो, वगैरे. ही कारणं खोटी नाहीत, पण माझं कारण ते नव्हे. माझं कारण मी आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोबरोबर जन्म काढला, तिला नाही. मुलीला नाही. या आठवणी लिहायला बसलो तेव्हासुद्धा मी इथवर येऊन वळसा घातला आणि पुढची प्रकरणं आधी लिहून टाकली. नोकरी, लग्न, दादरची जागा, नंतरची सगळी कुत्री. ती भराभर लिहून झाली. आता मागे हे एकच उरलं आहे. शिवाय डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, त्यावरून आणखी वळसा घालायला सवड नाही असं दिसतं.

आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आई, बाबा आणि मी, एवढीच आम्ही माणसं. बाकीच्या बिऱ्हाडांच्या मानानं आमची खोली म्हणजे ओसाडच, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या. गॅलरीच्या टोकाला आमची खोली आणि तिला लागून भागीकाकीच्या दोन. काकी आमची नात्यातली कुणी नव्हे, पण बाबांच्या गावाशेजारच्या गावची, म्हणून काकी. तिचा नवरा गिरणीत होता. तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. गावी परत जाऊन दिरांच्या दारात बसण्यापेक्षा तिनं इथंच खानावळ घातली. ज्यांची बायकामुलं कोकणात होती असे गिरणीतले गाववाले तिच्याकडे जेवायला येत. गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळे काकीची चूलही कधी पुरती विझायची नाही. पहाटे भोंगा व्हायच्या आधी भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. त्या आवाजावर मी जागा होत असे आणि पुन्हा झोपत असे. दुपारी पाट्यावर वरवंटा फिरायचा. ओलं खोबरं, मिरची, धणे. जवळच मसाले कांडायच्या गिरण्या होत्या, तिकडून वारा आला की सगळी चाळ शिंकायची. पण भागीकाकी कांडपाचा मसाला घ्यायची नाही. "येंत्राचो मसालो मेलेलो आसता," असं ती म्हणायची. स्वतः वाटायची. तिच्या हातांचे तळवे कायम लालसर असायचे, आणि लहानपणी कौतुकानं तिनं गालाला हात लावला की गाल हुळहुळायचा. बांगड्याचं तिखलं, सुंगटांची म्हणजे कोळंबीची कढी, सोमवारी काळ्या वाटाण्यांचं सांबारं. आज माझ्या घरी स्वयंपाकाला बाई येते, चांगलं करते, पण जेवताना घाम येत नाही. काकीकडे जेवणारा माणूस गळ्यातला पंचा कपाळाला लावत लावतच जेवायचा.

जॉबर आमच्याकडे आला तो जिन्याखालून. गल्लीतली एक कुत्री तिथे व्यायली होती. मग एकदा कुणीतरी पावात विष घालून टाकलं आणि तिच्यासकट तिची सगळी पिल्लं गटाराच्या कडेला पडलेली सापडली. हे एकटं त्या वेळी जिन्याखाली झोपलेलं होतं म्हणून वाचलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. मी सतरा वर्षांचा होतो, नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो, आणि त्या पिल्लाला सदऱ्यात घालून वर आणून थेट बाबांसमोर उभा राहिलो. बाबा रागीट नव्हते, पण एकदा बोललेलं बदलायचे नाहीत. पिल्लाकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "पाळ. पण ह्याच्यापायी कोणाक तरास झालो, एक तक्रार इली, तर दुसऱ्या दिवशी कुत्रो हय दिसाचो नाय. मी स्वतः न्हेऊन सोडीन." नाव मात्र त्यांनीच ठेवलं. गिरणीत कामगारांना कामावर लावणारा आणि घरी पाठवणारा तो जॉबर. त्याच्यापुढे मोठमोठे बाप्ये वाकायचे, त्याला हप्ता द्यायचे. त्या नावाचं कुत्रं चाळीत आहे म्हटल्यावर सगळ्यांना चेव आला. पाळी सुटून आलेली माणसं जिन्यावरूनच ओरडायची, "ए जॉबर, बस! जॉबर, गप! जॉबर, चल हट!" आणि हसत हसत आपापल्या खोल्यांत शिरायची. त्या हाका मारून त्यांचे थकलेले चेहरे जरा हलके होत असत.

कुत्र्यांचं वेड मला कधीपासून लागलं सांगता येत नाही, पण कुत्र्याला शिकवण्याचं वेड जॉबरपासून लागलं. परळला शिंदे जमादार म्हणून एक वयस्कर गृहस्थ राहायचे. पोलिसात असताना त्यांनी कुत्री सांभाळली होती. मी कॉलेज बुडवून त्यांच्या ओट्यावर बसायचो. त्यांनी सांगायचं आणि मी येऊन जॉबरवर करून बघायचं. बस शिकला, थांब शिकला. मी गॅलरीच्या टोकाला जाऊन नुसतं बोट खाली केलं तर तो तिकडे आडवा व्हायचा. मी पाणी भरायला खाली गेलो तर मी येईपर्यंत कठड्याच्या एकाच खांबाशी बसून राहायचा. पोरं त्याच्या नाकासमोर चेंडू टाकायची, तो नुसता थरथरायचा. हे सुख काय असतं ते ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल. एक मुकं जनावर सगळ्या जगातून तुमच्याच चेहऱ्याकडे बघत असतं. आयुष्यात पुढे माझं कचेरीत, घरात, कुठेच कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

जमादारांनी शेवटचा धडा सांगितला तो अन्नाचा. जॉबरच्या आईचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "सोपं आहे. कुत्र्यानं ज्याला कधी पाहिलं नाही असा माणूस आणायचा. त्याच्याकडून खायला द्यायचं आणि आत मिरचीचा गोळा. तोंड पोळलं की लगेच तू स्वतःच्या हातानं दूधभात द्यायचा. दोनचारदा झालं की जन्मात दुसऱ्याच्या हाताकडे बघणार नाही. पण एक ऐक. घरच्या माणसाचा हात या कामाला कधी वापरायचा नाही. कुत्र्याच्या मनातला हात एकदा तुटला की मग तो जोडता येत नाही." मी हो म्हणालो. वरून मान हलवली, आतून ते शब्द नुसते निघून गेले.

अडचण अशी होती की जॉबर जात्याच भित्रा. अनोळखी माणसानं काहीही पुढे केलं तरी तो मागे सरायचा. त्याला ते शिकवायची गरजच नव्हती. माझ्या आणि आईच्या हातचं सोडलं तर जगात तो एकाच हातचं खायचा, भागीकाकीच्या. दुपारची पंगत उठली की ती बांगड्याचं डोकं आणि भात एका वाडग्यात घालून खिडकीच्या फळीवर निवायला ठेवायची, मग उंबऱ्यात बसून हाका मारायची, "जाबर! इलंस काय रे मेल्या? ये, तुझो हप्तो घे!" काटे चाचपून, घास मळून, तळहातावर ठेवून ती त्याला भरवायची. मी काहीही करत असलो, मी 'थांब' म्हटलेलं असलं, तरी त्या हाकेला जॉबर उठायचा. माझ्याकडे एकदा चोरून बघायचा आणि जायचा. मी स्वतःला समजावलं की हा एक हात उघडा राहिला तर शिकवणी अपुरी राहिली. उद्या कुणी तिच्या हातून काही घातलं तर? असं तिच्या हातून कोण कशाला काय घालणार होतं? खरं कारण निराळंच होतं, आणि ते मान्य करायला मला म्हातारा व्हावं लागलं. तिच्या हाकेला तो उठून जायचा, ते मला सोसत नव्हतं.

ती हातपाय धुवायला मोरीत गेली की मी आईच्या डब्यातली मिरचीची पूड पाण्यात कालवून त्या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या आत भरायचो. तिखल्याचा रंग मुळातच लाल, दिसायचं काही नाही. घास मळताना तिच्या बोटांना झोंबत असणार, पण तिची बोटं दिवसभर झोंबतच असायची. पहिल्या दिवशी जॉबरनं दोन घास खाल्ले आणि किंकाळी फोडली. तोंड लादीवर घासत तो गॅलरीभर फिरला, मग मोरीत शिरून तिथलं साबणाचं पाणी लपालपा पिऊ लागला. काकी धावली. "काटो लागलो गो बाय ह्याका! काटो लागलो!" तिनं त्याला मांडीवर ओढलं, जबडा फाकवला आणि काटा शोधायला आपली बोटं त्याच्या घशापर्यंत घातली. त्या बोटांनी त्याची आणखी आग झाली असणार. तो तिच्या मांडीवर पाय झाडत होता आणि ती रडकुंडीला येऊन म्हणत होती, "गप रे माझ्या बाळा, गावलो, आता गावलो." मी दारात दूधभाताची ताटली घेऊन उभा होतो.

तिथं थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो. जमादारांनी दोनचारदा म्हटलं होतं, म्हणून मी आणखी केलं. आठवडा संपायच्या आत जॉबर तिच्या हाकेला उठेनासा झाला. मला वाटलं होतं तो नुसता मान फिरवेल, शिकलेलं कुत्रं फिरवतं तशी, शांतपणे. तसं झालं नाही. ती दिसली की त्याचं शेपूट पोटाखाली जायचं. तिनं हात पुढे केला की तो लघवी करायचा. तिच्या दारावरून जाताना तो भिंतीकडची बाजू सोडून कठड्याला अंग घासत जायचा.

पहिले काही दिवस चाळीनं त्याची मजा केली. काकीकडे सावंत म्हणून एक जेवणारा होता, बोलायला तिखट. तो पानावरून म्हणाला, "काकी, कालचा तिखला कुत्र्यान वळाखल्यान वाटता!" सगळे हसले. काकीही हसली. "मेल्या, तू हावऱ्यासारखो खातस ता बघून त्याका लाज वाटली." पण आत येऊन ती आईला म्हणाली, "गो वयनी, माझ्या हाताक मिरची लागलेली आसतली. त्याचा तोंड पोळला आसतला." म्हणजे खरं काय ते तिनं जवळजवळ बोलूनच दाखवलं. मी पुस्तक पुढे धरून बसलो होतो. त्या दिवसापासून ती जॉबरला भरवायच्या आधी हात राखेनं घासायची, मग साबणानं, मग हुंगून बघायची. एवढं करून हात पुढे करायची. आणि तो पळायचा.

मग चाळीत दोघातिघांची पोटं बिघडली. दिवस पावसाचे, नळाला गढूळ पाणी, त्या दिवसांत कुणाचं ना कुणाचं पोट बिघडायचंच. पण त्यातले दोघे काकीकडे जेवणारे होते. सावंताची थट्टा इथे थट्टा राहिली नाही. कुणीतरी म्हणालं, कुत्रं दत्ताच्या पायाशी बसणारं जनावर, त्याला कळतं. कुणी म्हणालं, आमच्या गावात कुत्रा ज्याच्या हातचं टाकतो त्याच्या घरी माणूस पाणी पीत नाही. मग कुणाला काकीचा नवरा आठवला. धडधाकट माणूस, जेवून झोपला आणि तापानं फणफणला, नाही का? हे असं कुणी तोंडावर बोललं नाही. नळावर, जिन्यात, बिडी पेटवताना बोललं गेलं. अनोळखी माणसाच्या हातचं तो आधीपासूनच खात नव्हता हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. दोन वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्याच हाताला तो भितो, एवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं.

एकेक माणूस कमी होऊ लागला. भांडून कुणी गेलं नाही. "काकी, आता गाववाल्यांबरोबर राहतो त्या गाळ्यातच शिजवतो," असं खाली बघत सांगायचे. पहाटेचा भाकऱ्यांचा आवाज लवकर थांबू लागला. मी जागा होऊन तो ऐकायचो आणि मला पुन्हा झोप लागायची नाही.

एका दुपारी आई डबे घासायला काढून बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मिरचीचा डबा मीच भरते रे. त्यातलं किती कशाला जातं ते मला ठाऊक असतं." मग ती म्हणाली, "काकीला जाऊन सांग."

"बाबांना कळेल."

"कळेल."

"ते त्याला नेऊन सोडतील, आई."

तिनं डबा पालथा घातला. "सोडतील," ती म्हणाली, आणि पुढचा डबा घासायला घेतला. तिनं स्वतः का सांगितलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिलाही जॉबर हवा होता की मुलाची लाज झाकायची होती? तिच्या हयातीत मी विचारलं नाही. आता मला वाटतं, ती माझी वाट बघत राहिली.

मी काहीच केलं नाही असं मात्र नाही. मी शिकवलेलं पुसायला निघालो. रोज जॉबरला घेऊन काकीच्या उंबऱ्याशी बसायचो, खिशात गूळ, खोबरं, खिमा, हाताला लागेल ते. काकीला म्हणायचो, तुम्ही नुसत्या बसून राहा, बघू नका त्याच्याकडे. ती बिचारी पाठ करून बसायची. "अशी बसू? का आणखी वायच आत सरू?" मला विचारायची. मला! जॉबर माझ्या पायांत तोंड खुपसून कापत राहायचा. जमादारांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी म्हटलं, काही उपाय? ते म्हणाले, "कुत्र्यावर नाही." मी तिथून निघून आलो. ते काय म्हणत होते हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो.

शेवटी काकीनंच ठरवलं. सुट्टीचा दिवस होता, गिरण्या बंद, सगळे बाप्ये घरी. तिनं मटण केलं. उरलेसुरले जेवणारे आणि सोडून गेलेले, सगळ्यांना तिनं गॅलरीत हाका मारून जमवलं. "येवा, बघा सगळ्यांनी," ती म्हणाली. "माझ्या हाताक काय झाला ता आज एकदा बघून टाका." नवी नव्हे पण धुतलेली इस्त्रीची साडी नेसली होती. सगळ्यांसमोर तिनं बादलीत हात धुतले, कोपरापर्यंत, पदराला पुसले, मटणाचा तुकडा तळहातावर घेतला आणि उंबऱ्यात उकिडवी बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झिला, तुझा ता आयकता. तू सांग त्याका."

बाबा आमच्या दारात उभे होते. मी जॉबरला पुढे आणलं. आयुष्यात इतक्या मायेनं मी कुत्र्याला कधी हुकूम दिला नसेल. "घे," मी म्हणालो. "घे, जॉबर." तो पोटावर सरपटत निघाला. मी सांगितलं म्हणून निघाला. एवढा तो शिकलेला होता. मधेच थांबून त्यानं मागे माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, घे. तो तिच्या हातापासून वीतभर अंतरावर पोचला, आणि तिथे त्याच्या अंगाखालून लघवीचा ओघळ लादीवर पसरत गेला. त्यानं तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. काकीचा हात तसाच पुढे होता. तो हात खाली यावा असं मला वाटत होतं, पण तो खाली येत नव्हता.

मला एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडात तयार होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "त्याचं पोट बिघडलंय कालपासून."

सावंत कठड्याला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "पोट बिघाडला? कोणाच्या हातचा खाऊन?"

आणि माणसं हसली. वाईट हसली असंही नाही, खूप वेळ श्वास धरला की सुटतो तसं हसू फुटलं. तिला वाचवायला म्हणून मी खोटं बोललो होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं मी मला वाचवायला बोललो होतो, आणि त्यानंच तिच्यावर शिक्का बसला. काकीनं तो तुकडा वाडग्यात ठेवला. उठली. बादलीतल्या पाण्यानं जॉबरची लघवी तिनं स्वतः धुऊन काढली, कुणी पुढे होण्याच्या आत, आणि दार लावून घेतलं.

गणपतीला चाळीत पाहुण्यांची गर्दी झाली, पण काकीच्या दारात चप्पल दिसली नाही. त्यानंतर वरळीहून तिचा भाऊ आला. दोन ट्रंका, पाटावरवंटा, भांड्यांचं एक गाठोडं. पाटा मी उचलला. जिना उतरताना ती मागून म्हणत होती, "सावकाश रे, पायार पडात." खाली टॅक्सीपाशी मी पाटा ठेवला आणि उभा राहिलो. बाबा नव्हते, पाळीवर होते. सावंत नव्हता. चाळीतलं कुणीच नव्हतं. भाऊ डिकीशी झटत होता. आता सांगितलं असतं तर फक्त तिनं ऐकलं असतं. काकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कुत्र्याक सांभाळ. मुक्या जनावराचो काय दोष नाय. माझ्याच हातात कायतरी आसतला." टॅक्सी निघून गेली. तिला खरंच तसं वाटू लागलं होतं. मला भय वाटतं ते याचं. खानावळ गेली ती गेली. पण आपल्या हातात काहीतरी वाईट आहे असं समजून ती बाई पुढे जगली. भावाच्या घरी ती स्वयंपाकाला हात लावत नाही, असं आईच्या कानावर आलं होतं. नुसतं भाजी निवडून देते, म्हणे.

जॉबर म्हातारा होऊन मेला. काकीच्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं, दाराला निळा रंग लागला, तरी तो शेवटपर्यंत त्या दारावरून कठड्याला अंग घासत जायचा. त्याच्यानंतर मी बरीच कुत्री पाळली, शेकड्यांनी शिकवली. लोक म्हणतात माझ्या हाताला गुण आहे. हा शब्द ऐकला की मी विषय बदलतो. चाळ आता नाही. तिथे जे उभं आहे त्याच्या तळमजल्यावर कॉफीचं दुकान आहे. मुलगी मला एकदा कौतुकानं घेऊन गेली. मी तिथे बसलो, पण कप भरलेला तसाच ठेवून उठलो.

काकी वारण्याआधी मी तिला एकदाच भेटलो. माझं लग्न झालं होतं, आई नुकतीच गेली होती. आईचं ते "जाऊन सांग" डोक्यात घेऊन मी वरळीला बीडीडी चाळीत गेलो. पेढ्यांचा पुडा नेला होता. भाऊ कामावर होता, भाचेसून घरात होती, दोन पोरं टीव्ही बघत होती. काकी दाराशी चटईवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. सुकून एवढीशी झाली होती. मी नाव सांगितलं, तिला कळेना. भाचेसून म्हणाली, "मोठ्यानं बोला. त्यांना ऐकू येत नाही." मी मोठ्यानं सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "अगो, शांतारामाचो झील! केवढो झालंस रे! आणि जाबर? जाबर कसो आसा?"

जॉबर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी मान हलवली, बरा आहे म्हणून.

"खाता मा नीट?"

"खाता," मी ओरडलो.

"बरा झाला," ती म्हणाली, आणि शेंगा मोडू लागली. मी तिच्याजवळ सरकलो. "काकी, तेव्हा मी…" "काय?" तिनं विचारलं. मी आवाज चढवला. "काकी, जॉबरच्या खाण्यात…" भाचेसुनेनं मला नीट बोलता यावं म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला. पोरं वळून माझ्याकडे बघू लागली. शेजारच्या दारातली बाईही उंबऱ्यात आली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

काकीला बहुधा वाटलं, मला काही खासगी सांगायचं असेल. तिनं शेंगा बाजूला सारल्या. गुडघ्यावर जोर देऊन ती माझ्याकडे कलली, कानावरचे पांढरे केस मागे सारले आणि आपला कान अगदी माझ्या ओठांशी आणला. म्हणाली, "आता सांग. हळू सांगितलंस तरी माका आयका येतला."

तिच्या मानेला शेंगांचा कच्चा वास येत होता. मी श्वास घेतला. 'काकी, मिरची मी घातली होती. तुमच्या हातात काही नव्हतं.' एवढंच होतं.

"येतो, काकी," मी तिच्या कानात म्हणालो.